मत्स्यबीज तलावात सोडण्याआधी बोडीत वाढवा

संपादक महोदय,

पावसाळ्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मत्स्यबीज सोडल्याचे फोटो छापून येतात. पाळीवर पाहुणे, हातात फुगलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीतले पिल्लू जेमतेम इंचभराचे आणि तलाव सांडव्यावरून वाहायच्या बेतात. मरळ आणि शिवडा या शिकारी माशांच्या तोंडून जे वाचते ते पाण्याबरोबर नाल्यात निघून जाते. उन्हाळ्यात जाळे हलके आले की मत्स्यव्यवसाय संस्था बीजाला दोष देते आणि पुरवठादार राखणीला. खरी चूक बीज सोडण्याच्या वेळेत आणि पिल्लाच्या आकारात आहे.

रोहू, कटला, मृगळ तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून दाखवले, तेव्हापासून बीज केंद्रातून मिळू लागले. पण केंद्रातही हंगाम पावसाळ्याचाच. त्यामुळे बीज आषाढात येणार, हे बदलत नाही. तलावात ते सोडावे मात्र नवरात्राच्या सुमारास, सांडवा थांबल्यावर, पिल्लू तीन-चार इंचांची बोटुकली झाल्यावर. मधले दोन-अडीच महिने त्याला ठेवायचे कुठे? आपल्याकडे त्याचे उत्तर धानाच्या बांधीशेजारीच आहे: बोडी, म्हणजे धानाला पाणी द्यायचे छोटे तळे.

बोडी उन्हाळ्यात आटते, हाच तिचा मोठा गुण. तळ तडकेपर्यंत वाळला की मरळ, मांगूर सहसा उरत नाहीत. एखाद्या बोडीत डबके राहिलेच तर मोहाच्या टोळीची (बियांची) ढेप टाकावी: १० आर क्षेत्र आणि मीटरभर पाणी असेल तर २५० किलो. डबके लहान असेल तर पाण्याच्या मापाने कमी. ढेपेचा विषार उतरायला पंधरा ते वीस दिवस लागतात, मग तीच खत होते. बीज यायच्या आदल्या आठवड्यात ढेप टाकणारे महाभागही आहेत. मग बीज गेले म्हणून बोंब.

१० आरच्या कोरड्या बोडीला २० ते २५ किलो चुना तळावर पसरावा. पाणी साचले की टनभर शेणखत. ढेप वापरली असेल तर निम्मेच. पंधरवड्यात पाण्याला हिरवट-तपकिरी रंग चढतो. बारीक कापडातून ५० लिटर पाणी गाळून एक-दोन मिलिलिटर सूक्ष्म जीव मिळाले तर पिल्लांचे खाद्य तयार झाले समजा. बीज सोडायच्या आदल्या संध्याकाळी, वारा पडलेला असताना, साडेपाच किलो खाद्यतेल आणि पावणेदोन किलो साबण एकत्र फेटून पाण्यावर पसरावे. पाणकिडे श्वासाला वर येतात आणि तवंगाखाली गुदमरतात. वारा असेल तर तवंग एका कोपऱ्यात जातो आणि तेल फुकट.

एवढ्या बोडीत इंचभराची २० ते २५ हजार पिल्ले मावतात. घेताना मोजून घ्यावीत. मोजणी वाटीने होते आणि गडबड तिथेच होते. वाटी छिद्रांची असावी, पाणी पूर्ण निथळू द्यावे, मधल्याच दोन-तीन वाट्या आपण निवडून त्यातली पिल्ले एकेक मोजावीत आणि सरासरी धरावी. पाण्यासकट भरलेल्या वाटीत पिल्ले कमी आणि कागदावर आकडा मोठा.

खाद्य म्हणजे भुईमुगाची ढेप आणि धानाचा कोंडा, समान भाग, दळून चाळलेले. सुरुवातीला रोज अर्धा किलो, वाढीप्रमाणे शेवटी तीन किलोपर्यंत. उधळण्यापेक्षा घमेले दोरीने पाण्यात सोडून त्यात द्यावे. दोन तासांनी वर काढले की किती उरले ते दिसते. उरलेले कुजते आणि प्राणवायू खाते. झडीच्या दिवसांत पहाटे पिल्ले पृष्ठभागावर तोंड काढून हापसताना दिसली तर खाद्य आणि शेण दोन्ही बंद, आणि मोटर लावून त्याच बोडीचे पाणी उंचावरून परत बोडीत पाडायचे.

सगळ्यात मोठा धोका मात्र धानाकडूनच. बांधीत कीटकनाशक फवारले आणि वरून सर आली की ते पाणी बोडीत उतरते. सकाळी पिल्ले उलटी तरंगतात. वरच्या बाजूला वीतभर उंच मातीचा दांड घालून ते पाणी वळवावे. दुसरे, पावसाने ताण दिला की शेतकरी बोडी फोडणारच, धान त्याचे आहे. म्हणून संस्थेने आधीच लेखी ठरवावे: किमान तीन फूट पाणी राहील, बदल्यात भाडे किंवा मासळीत वाटा.

साठ टक्के जगली तरी १० आरमधून १२ ते १५ हजार बोटुकली निघते. हेक्टरी दीड हजार धरली तर आठ ते दहा हेक्टरचा तलाव भागतो. काढण्याआधी एक दिवस खाद्य बंद, नाहीतर वाहतुकीत पिल्लांच्या विष्ठेने पाणी नासते. तलावावर बंद पिशव्या पंधरा-वीस मिनिटे पाण्यात तरंगू द्याव्यात, मग तोंड उघडून तलावाचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि पिल्लांना आपण होऊन बाहेर पडू द्यावे. सकाळी किंवा संध्याकाळी, काठाच्या देवधानाच्या (जंगली भाताच्या) आडोशाला. पाहुण्यांच्या सोयीने भर दुपारी नाही.

सांडव्याला मच्छरदाणीची जाळी बांधण्याचा जुगाड काही गावांत दिसतो. शेवाळ-पाल्याने ती तुंबते, पाणी चढते आणि पाळीला धोका होतो. पाटबंधारेवाले ती तोडतात ते बरोबरच. मरळ संपवून टाका, असेही आमचे म्हणणे नाही. जिवंत मरळीला रोहूपेक्षा चांगला भाव मिळतो आणि बोटुकली इंचभराच्या पिल्लाइतकी सहज तिच्या तोंडी लागत नाही.

शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. परिषदेने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने तीन गोष्टी कराव्यात. संस्थांना बीजवाटपाची तारीख मे महिन्यातच कळवावी, कारण बोडीची तयारी त्याआधी महिनाभर लागते. अनुदान तलावात ओतलेल्या इंचभराच्या पिल्लांच्या संख्येवर न देता सप्टेंबरअखेर मोजून सोडलेल्या बोटुकलीवर द्यावे. आणि रोजगार हमीतून नव्या बोड्या खोदताना एका कोपऱ्यात उतार ठेवावा. जेसीबीने चौफेर उभ्या कापलेल्या बोडीत जाळे ओढताच येत नाही.

आपले,
मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचे काही सभासद,
साकोली तालुका, जि. भंडारा