माइकपलीकडच्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

गुरुजींच्या 34 बंदिशींपैकी 33 ध्वनिमुद्रित झाल्या. एक राहिली आहे, तिचं कारण शेवटी सांगते. तुम्ही बजावलं होतंत तशा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवल्यात, एक माझ्याकडे आणि एक धाकट्या गुरुबंधूच्या घरी. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, राग, ताल आणि कितवा टेक ते आहे.

हे तुम्हाला घरी येऊनही सांगता आलं असतं. पण गाणं शिकणाऱ्या बाकीच्या मुलामुलींपर्यंतही ते पोचावं असं वाटलं, म्हणून उघड पत्र लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी मी पहिल्यांदा स्टुडिओत गायले, तो प्रसंग मी तुम्हाला कधी सांगितला नाही. तासाचे पैसे भरलेले, घड्याळाकडे लक्ष. तिथल्या रेकॉर्डिस्टने तानपुऱ्याला मागचा गोंगाट समजून तो 'साफ' केला. घरी येऊन ऐकलं तर यमनचा निषाद अधांतरी लटकलेला, मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं, टोक मध्येच छाटलेलं. मला आतून कळत होतं की काहीतरी गेलंय, पण काय गेलं हे सांगायला शब्द नव्हते. "बरोबर नाही वाटत" एवढंच म्हणता आलं, आणि तेवढ्यावर कोण काय बदलणार? तेच मुद्रण मी पाठवलं. त्याचं दुःख बरेच दिवस टिकलं.

मग तुमचा रविवारचा वर्ग. आकाशवाणीतून निवृत्त झालेला माणूस आम्हा आठ जणांना महाविद्यालयाच्या मागच्या खोलीत फुकट शिकवणार, एवढंच कळलं होतं. पहिले दोन रविवार नुसती केबल गुंडाळणं. एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे आतल्या तारेला पीळ पडत नाही आणि फेकली की सरळ उलगडते. मग तीन पिनांची जोडणी, कंडेन्सर माइकला लागणारी 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला पोचणारी वीज, आणि ती चालू करण्याआधी स्पीकर बंद करायची सवय.

तिसरा रविवार मात्र मी जन्मात विसरणार नाही. हेडफोनमध्ये गुंऽऽ असा आवाज यायला लागला. आम्ही तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही विचारलंत, "सूर कुठला?"

बिघाडाला सूर विचारायचा असतो हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नव्हतं. तुम्ही पेटी पुढे सरकवलीत. मी खर्जातली पांढरी पाच दाबून धरली. ती जवळजवळ जुळली, पण पुरती नाही. दोन्ही आवाज एकत्र हेलकावत होते, तानपुऱ्यातल्या एकाच सुराच्या जोडीच्या तारा नीट मिळालेल्या नसल्या की हेलकावतात तसे. "किंचित चढा आहे," मी म्हटलं. तुम्ही फळ्यावर दोन आकडे लिहिलेत, सेकंदाला होणारी कंपनं म्हणजे हर्ट्झ: पांढरी पाच 98, हा 100. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तिची गुणगुण 50 वर आणि दुपटीने 100 वर ऐकू येते, म्हणजे दोष अर्थिंगच्या वाटेत कुठेतरी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढायला लावलात आणि आवाज थांबला.

काका, त्या दिवशी माझी भीती गेली. इतकी वर्षं तानपुरा लावताना जे कान तयार झाले, तेच इथेही चालतात हे तुम्ही दाखवून दिलंत. यंत्र परकं राहिलं नाही.

लेव्हल लावताना "हॅलो, चेक" तुम्हाला चालत नसे. तारसप्तकातला सगळ्यात मोकळा आवाज लावायला सांगायचात आणि गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, त्यावर ठरवायचात, शिखर वजा 10 डेसिबलच्या आसपास राहील असा. 24 बिटच्या मुद्रणात हळुवार आलापही नीट टिकतो, पण एकदा फुटलेला आवाज कशानेही सांधता येत नाही. 1902 मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान ध्वनिमुद्रणासाठी कर्ण्यात तोंड घालून गायल्या तेव्हा माइक नव्हताच, हे सांगून तुम्ही आम्हाला माइकसमोर पुढेमागे सरकायला लावलंत. वीतभरावर खर्ज फुगतो, दोन हातांवर खोली ऐकू येऊ लागते. आणि तानपुऱ्यासाठी आधी आमचे डोळे मिटवलेत. एका कानावर हात, दुसरा कान तानपुऱ्याभोवती फिरवायचा, तारा जिच्यावर टेकतात त्या जवारीच्या अगदी जवळ, मग भोपळ्यासमोर, मग दांडीपाशी. जिथे चारही तारा सारख्या आणि गोल ऐकू आल्या, तिथे माइक.

गुरुजींच्या घरी तेच केलं. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्यांवर आणि समोरच्या भिंतीवर गोधड्या. गुरुजी 78 वर्षांचे, स्टुडिओत यायला कधीच तयार झाले नसते. स्वतःच्या बैठकीत बसून, रोजचाच तानपुरा मागे घेऊन गायले.

शेवटच्या दिवशी हेडफोन लावायला ते कसेबसे राजी झाले. शेवटच्या बंदिशीचं मुद्रण लावलं. सुरुवातीला चेहरा कोरा. थोड्या वेळाने त्यांचा हात आपोआप शेजारच्या तानपुऱ्याच्या, सूर बारीक मिळवायच्या मण्याकडे गेला. हेडफोन न काढताच म्हणाले, "जोडीची दुसरी तार उतरलीय. कोणी ऐकलं नाही?"

खरंच उतरली होती, केसाएवढी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका मुद्रणात माझा अख्खा तानपुरा पुसला गेला होता, आणि या मुद्रणात त्याच्या एका तारेतला इतका बारीक फरक गुरुजींना ऐकू येत होता.

तर ती बंदिश येत्या रविवारी सकाळी नऊला पुन्हा घेतोय. गुरुजींनीच तुम्हाला बोलवायला सांगितलंय. तुम्ही या काका, तानपुऱ्यासमोरचा माइक तुमच्या हाताने ठेवा. केबल मी गुंडाळीन.

तुमची विद्यार्थिनी