उष्णतेच्या लाटेबाबत सूचना
मंडळाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येथील, म्हणजे इंग्लंडमधील, उन्हाला ‘नागपूरपुढे हे काहीच नाही’ असे म्हणून हलके लेखू नये. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तेवढे ऊन विदर्भात नित्याचे असले, तरी इंग्लंडमधील घरे हिवाळ्यात ऊब कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली असल्याने, आणि त्यांत छताला पंखा किंवा खिडकीबाहेर झडपा क्वचितच असल्याने, दिवसभर आत शिरलेली उष्णता रात्रीही बाहेर पडत नाही. माळ्यावरच्या खोल्यांत तर झोपणेच कठीण होते. रेल्वेचे रूळही साधारण २७ अंशांचे तापमान धरून ताणून बसविलेले असतात, म्हणून कडक उन्हात ते वाकण्याचा धोका असतो व गाड्यांचा वेग कमी केला जातो.

तरी दिवसा बाहेरची हवा घरापेक्षा गरम असेपर्यंत खिडक्या व पडदे बंद ठेवावेत आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. भारतातून आलेल्या वयस्कर आईवडिलांची व्यवस्था शक्यतो तळमजल्यावर करावी. कार्यक्रमास रेल्वेने येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे.

— कार्यकारिणी