माशाची किंमत लिहिता, तशी लांबीही लिहा

महोदय,

घरी फिश टँक कसा सुरू करावा, हा रविवार पुरवणीतला लेख वाचला. वाळू, रोपं, दिवे सगळं आलंय, पण मासा मोठा होतो हे सांगायचं राहिलं. माझं नेमकं तिथंच चुकलं होतं, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी नातवाच्या हट्टापायी दोन फुटी टँक आणला. दुकानात बोटाएवढे, चांदीसारखे चमकणारे मासे होते. पाटी 'शार्क', चाळीस रुपयांना एक. तीन घेतले. हा शार्क नव्हेच. मेकाँग नदीतला पंगास आहे, हॉटेलात 'बासा' म्हणून बहुतेक वेळा ताटात येतो तो हाच. वाढला तर चार फूट होतो! मला हे कळलं तोवर तिघेही वीतभर झाले होते. भित्री जात. रात्री खोलीतला दिवा लावला की काचेवर थडाथड आपटायचे, नाकाडं सोलून पांढरी पडलेली. एक त्यातच गेला. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काका, कृष्णेत सोडा की, पुण्य लागंल."

कसलं पुण्य? बाहेरून आणलेली चिलापी आपल्याकडं किती पसरली, ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा मासा सापडला, तो काही पोहत आला नव्हता. शेततळ्याचाही विचार केला, पण २०१९ चा पूर डोळ्यांनी पाहिलाय. काठच्या तळ्यातलं सगळं नदीतच जातं. शेवटी दोन्ही मासे आटपाडीला मेहुण्याच्या सिमेंटच्या हौदात पोचवले. ड्रमात घालून, एस.टी.नं. कंडक्टरनं ड्रमाचंही तिकीट फाडलं.

दुसऱ्या खेपेला ऑस्कर आणायचा ठरवला. हाही घरच्या टँकमध्ये फूटभर होतो, म्हणून या वेळी आधी टेप घेतली. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच म्हणजे सोळा घनफूट, साडेचारशे लिटर. म्हणजे नुसतं पाणीच साडेचारशे किलो. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून काढतात, आणि दोन फूट पाणी तेवढ्याच जागेवर सहाशे किलो होतं. आम्ही तळमजल्यावर, म्हणून निभावलं. वर राहणाऱ्यांनी हॉलच्या मधोमध टँक मांडू नये. बीमवर, भिंतीलगत मांडावा आणि त्याआधी इंजिनिअरला दाखवावा.

पाणी भरून लगेच मासा सोडायचा नाही, हेही ठेच लागूनच कळलं. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात धरायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या टँकचा स्पंज मी नळाखाली धरून पांढराशुभ्र धुतला होता. नळाच्या क्लोरिननं जिवाणू मेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. आता टँकमधून काढलेल्या पाण्यातच स्पंज खळबळतो. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलतो, नव्या पाण्यात क्लोरिन मारायचे थेंब टाकूनच.

चौतीस वर्षं वायरमन होतो, तेव्हा हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: फिल्टरची वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाशी टपकतं, प्लगात शिरत नाही. आणि बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. आमच्याकडं वळवाच्या पावसात लाईट कधी येईल ते खुद्द मलाही सांगता येत नसे.

ऑस्कर मात्र वस्तादच निघाला. रोपं पहिल्याच रात्री उपटली. खडे तोंडात धरून काचेवर थुंकतो. पहिल्यांदा पाणी बदललं तेव्हा तळाशी आडवा पडला. मेला म्हणून मी जाळी घेऊन आलो, तर एक डोळा माझ्याकडं फिरवला. रुसला होता! आता सकाळी सातला मी पेपर उघडला की काचेशी येऊन उभा राहतो. दाणे पडेपर्यंत अग्रलेख वाचू देत नाही.

२०१७ साली केंद्रानं मत्स्यालय दुकानांसाठी नियम काढले होते, ते मागेही घेतले. कायदा यायचा तेव्हा येवो. दुकानदारांनी पाटीवर किमतीखाली एक ओळ वाढवावी: पूर्ण वाढ इतके इंच, टँक इतका फूट. खडूनं लिहिलं तरी चालेल. आमचा ऑस्कर आज अकरा इंचांचा आहे. आणला तेव्हा दोन इंचांचा होता आणि पाटीवर एवढंच होतं, 'टायगर ऑस्कर, ८० रु.'

— एक निवृत्त वायरमन, सांगली