मावशीची जबानी

महाल, नागपूर
27 डिसेंबर 1942

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र टपालात टाकलं नाही. टपाल उघडून वाचतात हल्ली. मेहुणा पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतोय. सोबत संत्र्यांची करंडी आहे.

घरी सगळे बरे. मातीचं तेल मिळत नाही, म्हणून मुलं दिवसाउजेडीच अभ्यास उरकतात. चिल्लर बाजारातून नाहीशी झालीये; परवा इतवारीत वाण्यानं उरलेल्या पैशांऐवजी पोस्टाची तिकिटं हातावर ठेवली. 1 सप्टेंबरपासून घड्याळं तासभर पुढे केली, ती आई अजून मानत नाही.

शेजारी रेडिओ आहे. रात्री आम्ही पाच-सात जण तिथे जमतो. स्टालिनग्राडला जर्मन वेढ्यात सापडले, रोमेल अल् अलामीनहून मागे हटला, गेल्या आठवड्यात जपान्यांनी कलकत्त्यावर बाँब टाकले. मुलांचा नकाशा पसरून आम्ही एकेक गाव शोधतो. व्होल्गा कुठून कुठे वाहते ते मला यंदा पाठ झालं. आणि चिमूर इथून साठ-पासष्ट मैल. तिथलं काही कळायचं तर कुणीतरी तिथून चालत आलं पाहिजे.

माझी धाकटी मावशी आली.

नागपंचमीला, 16 ऑगस्टला, तिथे मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, लोक बिथरले आणि सरकारी अंमलदार मारले गेले. ते वाईटच झालं वसंता, माझं मन त्याला कधीच राजी होणार नाही. पण मग फौज आली. पुरुष धरून नेले. घरात उरल्या त्या बाया.

मावशी महिनाभर बोललीच नाही. मग एका रात्री आईजवळ म्हणाली, "भिंतीपलीकडून शेजारणीचा आवाज येत होता, अन् मी सुनेच्या तोंडावर हात दाबून बसली होती." एवढंच. तो हात ती अजून पदराखाली धरून ठेवते.

हिंदू महासभेचे डॉ. मुंजे आणि इथल्या काही बायका चिमूरला जाऊन आल्या, बायांचं म्हणणं ऐकून आल्या. सरकार चौकशी करायला तयार नाही. ती व्हावी म्हणून गांधीजींच्या आश्रमातले प्रोफेसर भणसाळी आधी दिल्लीला आपल्या बापूजी अण्यांच्या दारी गेले, ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात आहेत म्हणून. 11 नोव्हेंबरपासून भणसाळींचा उपास चाललाय, आज सत्तेचाळिसावा दिवस. आता ते सेवाग्रामला आहेत. पेपरांना त्याबद्दल छापायची बंदी. वर्ध्याहून सकाळच्या गाडीनं कुणी आलं की मावशी दारातच उभी राहून विचारते, "प्रोफेसर जेवले का?" नाही म्हटलं की त्या दिवशी तीही एकच वेळ जेवते. आम्ही समजावणं सोडून दिलंय.

तुमच्याकडे आगाखान वाड्याजवळून, गांधीजींना ठेवलंय तिथून, जाता येतं का? त्यांचे चिटणीस महादेवभाई तिथे वारले, ते अजून खरं वाटत नाही.

आता मुख्य काम. तुझे मामा वकील आहेत. चौकशी झाली तर मावशी जबानी द्यायला तयार आहे, काल तिनं आपणहून सांगितलं. शेजारणीचं नाव मात्र ती सांगणार नाही. अशी जबानी चालते का, आत्ताच लिहून ठेवावी का, कुणासमोर, एवढं त्यांना विचार. मेहुणा शुक्रवारी परत निघेल. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझा,
दत्तू