मराठीच्या नावाखाली हस्तलिखिताची मोडतोड: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल तुमच्या ग्राहक सेवेला पाचव्यांदा फोन केला. आता करणार नाही, म्हणून हे लेखी.

तुमच्या लेखन-सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत 'मराठी' असं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणूनच मी वर्षाचे ४,८०० रुपये भरले. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायचे माग (साचे) असलेल्या खात्यात होते. त्यांनी आठवणींच्या तीन वह्या पेन्सिलीनं लिहून ठेवल्या. दीड वर्ष रात्री जागून मी त्या थेट तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये टाइप केल्या. २१२ पानं झाली. छापखान्यात देण्याआधी शुद्धलेखन तपासावं म्हणून 'सर्व सूचना स्वीकारा' दाबलं.

वडिलांनी लिहिलं होतं, 'दोन वर्षं मी बदली होतो. कुणी खाडा केला तरच काम मिळायचं.' तुमच्याकडून आलं, 'दोन वर्षे माझी बदली झाली होती. कुणी खड्डा केला तरच काम मिळायचे.' गिरणीत बदली म्हणजे कायम नसलेला कामगार. तो पाळीच्या वेळी दारात उभा राहायचा आणि कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत घेतला जायचा. माझ्या वडिलांनी त्या दारात काढलेली दोन वर्षं तुम्ही पुसलीत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या प्रकरणात 'आम्ही संपात होतो'चं 'आम्ही संपर्कात होतो' झालं. 'दुसऱ्या' सगळीकडे 'दुसर्या' झालं. संवादातलं 'आमी', 'व्हतो' गेलं. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी, हे साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच आहे.

हे सगळं मी कालच्या तुमच्या प्रतिनिधीला वाचून दाखवलं. तो आधी म्हणाला, "सर, भाषा हिंदी करून बघा, लिपी एकच आहे." मी म्हटलं, पुस्तक मराठी आहे. मग म्हणाला, "सिस्टिम चुकीचं शुद्ध करत नाही, सर." मी परत 'बदली'चं वाक्य वाचलं, अर्थ सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "वडील किती शिकलेत?" मी सांगितलं, चौथी. त्यावर तो म्हणाला, "मग मूळ मजकूरच अशुद्ध असेल ना, सर."

माझ्या बापानं ३१ वर्षं साचा चालवला. चौथी शिकलेल्या त्या माणसानं तीन वह्या लिहिल्या, आणि त्यातला एकही शब्द त्याला माहीत नसलेला नाही. तुमच्या माणसाला 'बदली' माहीत नव्हता, 'खाडा' माहीत नव्हता, आणि अशुद्ध माझा बाप ठरला!

मूळ प्रत मागितली, तर कळलं की जुनी आवृत्ती सात दिवसांनी पुसली जाते. हे बटणाजवळ कुठेही लिहिलेलं नाही. 'बदली'सकट प्रत्येक ओळ आता वहीशी ताडून बघावी लागतेय. आजवर ४३ पानं झाली.

मूळ प्रत तुमच्या सर्व्हरवर कुठेही असेल तर ती शोधून द्या, पूर्ण पैसे परत करा आणि प्रतिनिधीच्या त्या वाक्याबद्दल माझ्या वडिलांची लेखी माफी मागा. आमच्या वाचनालयातल्या चार लिहिणाऱ्यांना मी विश्वासानं तुमचं नाव सुचवलं होतं. ते मागे घेतलंय. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मुंबईच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तिन्ही वह्या सोबत नेईन.

उत्तर लेखीच पाठवा, मराठीत.

एक ग्राहक
लालबाग, मुंबई