टिलोसेरा माशीची ओळख पटवून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

सिंगापूरच्या बुकित तिमाह जंगलात पडलेल्या ओंडक्यावरच्या काळ्या माशीचे फोटो मी तुम्हाला पाठवले, तेव्हा आपली साधी ओळखही नव्हती. तरी पुण्याहून तुमचं इतकं सविस्तर उत्तर आलं, की त्याचे आभार चारचौघांतच मानायला हवेत.

नाव सांगून मोकळं होणं तुम्हाला सहज जमलं असतं. तुम्ही मात्र आधी पंख बघायला लावलेत. मधोमध छोटीशी डिस्कल पेशी (शिरांनी वेढलेला कप्पा) आणि पुढच्या कडेला दाटीवाटीनं सरकलेल्या शिरा, एवढ्यावरून कूळ ठरलं, स्ट्रॅटिओमायिडी, म्हणजे सैनिक माश्या. (सैनिक माशी म्हटलं की लोकांना कंपोस्टमधली हर्मेशिया तेवढी आठवते, या कुळात अडीच हजारांहून जास्त जाती आहेत.) मग त्या पेशीतून निघणाऱ्या शिरा मोजायला सांगितल्यात. एक कमी भरली, म्हणून उपकूळ पॅकिगॅस्ट्रिनी. छातीच्या मागच्या टोकाला चार दणकट काटे, मिशांची केसाळ टोकं, काळ्या अंगावर निळसर-हिरवे चमकदार खवले, हे सगळं जुळल्यावरच तुम्ही टिलोसेरा हे प्रजातीचं, म्हणजे जातीच्या वरच्या गटाचं, नाव लिहिलंत.

आणि तिथेच थांबलात. याबद्दल मला तुमचे सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसनं १८०५ मध्ये वर्णन केलेली क्वाड्रिडेन्टाटा ही टिलोसेराची जात या भागात सापडते, म्हणून ही तीच, असं तुम्ही म्हटलं नाहीत. खवले घासून जातात, नर-मादी वेगळे दिसतात, आणि राखीव जंगलातून परवानगीशिवाय नमुना आणता येत नाही. अशा वेळी जातीची जागा मोकळी ठेवणं हेच खरं शास्त्र, असं मला मनापासून वाटतं.

पेशानं संगीतकार असलेल्या ब्रुनेट्टींच्या माश्यांवरच्या १९२०च्या खंडातली पानंही तुम्ही आठवणीनं पाठवलीत. त्यातली भाषा जड आहे, पण तुम्ही समासात लिहिलेल्या खुणांमुळे वाट सापडत गेली.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आता मेलेल्या झाडांच्या सालीच्या फटी बघते आहे. या उपकुळाच्या अळ्या तिथे राहतात आणि चुन्यानं कडक झालेल्या आपल्याच कातडीत कोष करतात, हे वाचल्यापासून राहवत नाही. डोळे एकमेकांना चिकटलेला नर दिसला, की त्याचे समोरून फोटो काढून लगेच पाठवीन.

आपली कृतज्ञ,
सिंगापूरची एक कीटकवेडी