माझ्या आईचा खरा फोटो काढायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि तेही सगळ्यांसमोर.

चार वर्षांपूर्वी नवा कॅमेरा घेऊन मी सहलीवरून परतले आणि सहाशेच्या वर फोटो तुमच्यापुढे मांडले. धबधब्यापुढे आई, पुलावर आई, सूर्यास्तापुढे आई. तुम्ही एकेक फोटो शांतपणे पाहिलात आणि शेवटी एवढंच विचारलंत, "तुझी आई घरी अशीच उभी असते का गं?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी आई कशी दिसते, याचा माझ्याकडे एकही फोटो नव्हता.

पुढच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. तुम्ही आधी दिवा बंद करायला लावलात. खिडकीतला उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही चेहऱ्यावर पडले की कातडीचा रंग बिघडतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. फ्लॅशला तर हातही लावू दिला नाहीत. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील असावा तो आकडा, १६०० वर नेलंत आणि शटर सेकंदाच्या १/१२५ भागापेक्षा जास्त वेळ उघडं राहू द्यायचं नाही म्हणालात. "नॉइज, म्हणजे फोटोत दाणे, आला तर येऊ दे. हात पुसट आले तर पुन्हा मिळायचे नाहीत."

मग वाट पाहायची. आईला पहिली काही मिनिटं कॅमेऱ्याचं भान होतं, ती सारखी केस नीट करत होती. तुम्ही तिच्याशी दोऱ्याच्या रंगावरून बोलत बसलात आणि हळूहळू ती मला विसरली. दोऱ्याचं टोक तिनं ओठांनी ओलं केलं, डावा डोळा बारीक केला, सुई उजेडाकडे धरली आणि श्वास रोखला. त्या फोटोत सुईचं नेढं दिसतं, दोऱ्याच्या टोकाची सुटलेली एक तूस दिसते, आणि अंगठ्याच्या नखाशेजारची तिची जुनी खूणही. तो फोटो पाहून भाऊ कितीतरी वेळ काही बोललाच नाही.

त्याच दिवशी तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. आज टिकून असलेला कॅमेऱ्यातला सगळ्यांत जुना फोटो १८२६-२७ च्या सुमाराचा. फ्रान्समधल्या निसेफोर निएप्सनं तो स्वतःच्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतला आणि त्यात दिसतात ती शेजारची छपरं. दुसरी गोष्ट १८३८ मधली. फ्रान्समधल्याच लुई दाग्येरनं पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला. तेव्हा एक फोटो उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे हलणारी सगळी रहदारी पुसली गेली. बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला माणूस तेवढा ठळक उमटला. छायाचित्रात ओळखू येणारा पहिला माणूस हाच, असं मानतात. इतक्या साध्या कामात असलेला! ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

गावाच्या बाबतीत तर तुमचे उपकार शब्दांत मावायचे नाहीत. खूप वर्षांनी मी लहानपणीच्या घरी गेले होते. दिवसभर फोटो काढले आणि संध्याकाळी रडू आलं, कारण सगळं छोटं दिसत होतं. ओटा छोटा, अंगण छोटं, विहीर तर हातभर. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही विचारलंत, "लहानपणी तुझे डोळे किती उंचीवर होते?" एवढं एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी उन्हं कोवळी असतानाच मी कॅमेरा कमरेच्याही खाली नेला, काही वेळा जमिनीवरच बसले. आणि घर परत मोठं झालं! उंबरा गुडघ्यापर्यंत आला, दाराची कडी हाताला न पोचणारी झाली. त्या उंचीवरून मला एक रेघ दिसली. वर्षानुवर्षं कडी हलून हलून दाराच्या लाकडावर अर्धगोल चर पडला आहे. उभं राहून पाहताना मी आदल्या दिवशी त्याच्यासमोरून दहा वेळा गेले असेन. तिरप्या उन्हात तो चर सावलीनं भरला होता. पुढच्याच पावसाळ्यात ती भिंत खचली आणि दार काढून ठेवावं लागलं. चर फोटोत आहे.

सहलीला आताही जाते. प्रसिद्ध जागांचे फोटो घेते, पण एक-दोनच. बाकीचे असतात गाडीची वाट पाहत बॅगेवर झोपलेल्या भावाचे, खोलीच्या दाराशी काढलेल्या ओल्या चपलांचे. अनोळखी माणसाचा फोटो घेण्याआधी विचारायचं, लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना विचारायचं, आणि नाही म्हणाले तर हसून पुढे जायचं, ही तुमची शिकवण मी मोडलेली नाही. फोननं काढतानाही तुमचंच ऐकते: आधी लेन्स पुसायची, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का करायचा, आणि फार जवळ जायचं नाही, नाहीतर नाक फुगतं.

माझी हार्ड डिस्क बंद पडली तेव्हा तीन वर्षांचे फोटो गेलेच असते. तुमच्या हट्टामुळे तीन प्रती होत्या, त्यातली एक भावाच्या घरी. आणि निवडक फोटोंचे प्रिंट, मागे पेन्सिलीनं तारीख, जागा आणि कोण काय करतंय ते. आईच्या फोटोमागे मी "सुईत दोरा ओवताना" एवढंच लिहिलं होतं. तुम्ही तो परत दिलात आणि म्हणालात, "कोणाच्या कपड्यासाठी, तेही लिही." लिहिलं. माझ्याच कुडत्याचं बटण तुटलं होतं.

पत्रासोबत एक प्रिंट पाठवते आहे. गेल्या महिन्यात तुम्ही खिडकीशी जुन्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहत होतात, चष्मा कपाळावर सरकवलेला. मी दाराशी उभी होते. त्या वेळी विचारलं नाही, म्हणून आता विचारते. अजून तो कोणालाही दाखवलेला नाही. तुम्ही नको म्हणालात तर दाखवणारही नाही. मागे तारीख लिहिली आहे. त्या निगेटिव्हमध्ये कोण होतं, तेवढी जागा तुमच्यासाठी रिकामी ठेवली आहे.

तुमची,
शेजारची मुलगी